पाठ केलेले 'स्वमत'

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाची एक कृती असते. पाठातील एखादा प्रसंग, एखादे विधान किंवा कवितेतील एखादा विचार घेऊन त्यावर विद्यार्थ्याने स्वतःचे मत लिहावे, अशी तेथे अपेक्षा असते. 2018 मध्ये दहावीचे नवे पाठ्यपुस्तक आले. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, ती घोकंपट्टीला आळा बसावा आणि मुलाने स्वतः विचार करून लिहावे, याच हेतूने. हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु व्यवहारात त्याचे काय झाले? पुस्तकांच्या दुकानात जाऊन दहावीच्या मराठीचे कोणतेही मार्गदर्शक उघडावे. प्रत्येक पाठाखाली 'स्वमत' तयार छापलेले आढळते. 'मला असे वाटते की' अशा शब्दांनी सुरू होणारे उत्तर छापखान्यात जन्माला येते, शिकवणीत उतरवून घेतले जाते, घरी पाठ होते आणि परीक्षेच्या दिवशी असंख्य विद्यार्थी तेच 'आपले' म्हणून लिहितात.

स्वतःचे मत दुसऱ्याने लिहून द्यावे, ते मुलाने पाठ करावे आणि परीक्षकाने त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, याहून भाषाशिक्षणाची मोठी विटंबना कोणती? दोष एकट्या प्रकाशकाचा नाही. तो मागणी तसा पुरवठा करतो. मागणी करणारे पालक आहेत, तिला मान तुकवणारे शिक्षक आहेत आणि छापील उत्तराशी जुळणारे उत्तर पाहून निर्धास्त होणारी परीक्षापद्धती आहे. एखाद्या मुलाने खरोखरच स्वतःचे मत लिहिले, लेखकाचे म्हणणे आपल्याला का पटले नाही हे कारणासहित मांडले, तर घरचेच त्याला दटावतात, 'कशाला उगाच गुण घालवतोस?' पंधराव्या वर्षी मिळालेला हा धडा तो जन्मभर विसरत नाही. विचार करण्यात तोटा आहे, हा तो धडा.

वाद 'किती'चा, विसर 'कसे'चा

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात भाषेवरून जेवढी चर्चा झाली, तेवढी क्वचितच पूर्वी झाली असेल. 2020 मध्ये राज्यातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य करणारा कायदा झाला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आली, 17 जूनला त्यात दुरुस्ती झाली आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. भाषा किती असाव्यात, कोणत्या असाव्यात, कोणत्या इयत्तेपासून असाव्यात, यांवर रस्त्यापासून विधिमंडळापर्यंत रणे माजली.

या साऱ्या गदारोळात एक प्रश्न मात्र बाजूला पडला. जी भाषा पहिलीपासून शिकवली जाते, ती शिकवली कशी जाते? दहा वर्षे मराठी शिकून बाहेर पडणारा मुलगा त्या भाषेत एखाद्या विधानाची छाननी करू शकतो का? दोन बातम्यांतील विसंगती त्याला दिसते का? वक्त्याने पुरावा दिला की नुसता आवाज चढवला, हे त्याला ओळखता येते का? तसे नसेल, तर त्याला एक भाषा शिकवली काय आणि तीन शिकवल्या काय, तिन्ही भाषांत तो दुसऱ्याचेच बोलणे बोलेल.

असे लेखन निघाले की मेकॉलेचे नाव येणे ओघानेच येते. 2 फेब्रुवारी 1835 च्या त्याच्या टिपणाने या देशातील शिक्षणाची दिशा बदलली, हे खरे. त्याने भारतीय विद्यांविषयी दाखवलेली तुच्छता अक्षम्य होती, हेही खरे. परंतु दहावीच्या मराठीचे मार्गदर्शक मेकॉलेने लिहिलेले नाही. ते आपल्या गावात लिहिले गेले, आपल्याच माणसांनी लिहिले आणि आपणच ते रांगा लावून विकत घेतले. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावरही प्रत्येक दोषाचे खापर एका दिवंगत इंग्रजाच्या माथी फोडणे हे आत्मपरीक्षण टाळण्याचे साधन ठरते.

परंपरा प्रश्नकर्त्यांची

'पाठांतर ही तर आपली परंपरा', असे या घोकंपट्टीचे समर्थन केले जाते. परंपरेचा एवढा अपमान तिच्या शत्रूंनीही केला नसेल. या देशात भाषेचा अभ्यास ज्यांनी उभा केला, त्यांची कार्यपद्धती एकवार पाहावी.

यास्काचे 'निरुक्त' हा वैदिक शब्दांच्या अर्थनिर्णयाचा ग्रंथ. त्यात यास्काने कौत्साचे मत नोंदवले आहे. वेदमंत्रांना अर्थच नाही, असे ते मत! वेदार्थासाठी आयुष्य वेचणाऱ्या आचार्याने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच्या भागात आपल्या उद्योगाच्या मुळावर घाव घालणारा आक्षेप घ्यावा, तो दडपू नये, त्याची कारणे एकेक करून मांडावीत आणि मग एकेक करून उत्तरे द्यावीत, ही कोणती वृत्ती आहे? सर्व नामे धातूंपासूनच झाली, असे शाकटायन म्हणतो. सर्वच नाहीत, असे गार्ग्य म्हणतो. यास्क दोन्ही बाजू वाचकासमोर ठेवतो. ऋग्वेदाचा पदपाठ करणारा शाकल्य हा केवढा अधिकारी पुरुष. परंतु त्याने केलेली एका शब्दाची फोड चुकली आहे, असे यास्क कारण देऊन सांगतो. आणि जो वेद पाठ करतो पण त्याचा अर्थ जाणत नाही, त्याला यास्काने भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. पाठांतराचे समर्थक हा दाखला सोयीस्करपणे विसरतात.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे 4000 सूत्रे आहेत आणि त्यांत दहा पूर्वाचार्यांचा नामनिर्देश आहे. आपल्याहून वेगळे मत असलेल्यांची नावे पाणिनीने पुसून टाकली नाहीत. पुढे कात्यायनाने त्याच पाणिनीच्या 1200 हून अधिक सूत्रांची वार्तिकांतून परीक्षा केली. कोठे उणे आहे, कोठे अधिक आहे, ते दाखवले. त्यानंतर पतंजलीने 'महाभाष्या'त कात्यायनाचीही परीक्षा केली, काही ठिकाणी पाणिनीची बाजू राखली, काही ठिकाणी राखली नाही. या तिघांना परंपरेने 'मुनित्रय' म्हणून वंदन केले. परंतु त्यांच्यात मतभेद आढळला तर प्रमाण कोणाचे? परंपरेचे उत्तर असे, की उत्तरोत्तर मुनीचे मत अधिक प्रमाण. जो नंतर आला, ज्याने आधीच्यांची तपासणी केली, त्याचा शब्द वरचढ. वाडवडिलांविषयीचा आदर आणि त्यांच्या विधानांची चिकित्सा या दोन गोष्टी एकत्र नांदतात, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

महाभाष्यातच एका वैयाकरणाची आणि सारथ्याची गोष्ट आहे. वैयाकरणाने रथ हाकणाऱ्याला उद्देशून 'प्रवेता' हा शब्द वापरला. सारथ्याने उत्तर देताना 'प्राजिता' हा शब्द वापरला. पंडिताने त्याचा शब्द अशुद्ध ठरवला. त्यावर सारथी उत्तरला, की तुम्हाला नियम ठाऊक आहे, प्रयोग ठाऊक नाही. आणि पतंजलीने या गोष्टीत सारथ्याला जिंकू दिले! विद्वानाची चूक रथ हाकणारा दाखवू शकतो आणि ती गोष्ट व्याकरणाच्या शिरोमणी ग्रंथात मानाने नोंदवली जाते. आज वर्गातल्या शेवटच्या बाकावरील मुलाने गुरुजींची चूक दाखवली, तर त्याला काय भोगावे लागते?

ही वृत्ती महाराष्ट्रातही जिवंत राहिली. 1584 मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अशुद्ध पाठ दूर करून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या काळच्या एखाद्या भाविकाने 'माउलींच्या ग्रंथाला हात कसा लावता?' असे विचारले असते, तर उत्तर हेच आले असते, की माउलींवर निष्ठा आहे म्हणूनच त्यांचे शब्द कोणते आणि नकलकारांचे कोणते, हे शोधले पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि 1966 मध्ये ते पूर्णत्वास नेले. त्यासाठी 1259 हस्तलिखिते विचारात घेतली गेली. डॉ. वि. सी. सुखठणकरांसारख्या व्रतस्थ विद्वानाने त्या कामाला आयुष्य वाहिले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही घराघरांत सांगितली जाणारी कथा हस्तलिखितांच्या साक्षीवरून मूळ संहितेत बसत नाही, असे संपादकांना आढळले आणि त्यांनी ती परिशिष्टात ठेवली. त्यामुळे महाभारताची थोरवी कमी झाली का? गणेशोत्सवातील एक तरी आरती थांबली का? श्रद्धा एवढी ठिसूळ नसते. ठिसूळ असतो तो अज्ञानाचा अहंकार.

खडू आणि फळा पुरेसा आहे

'हे सारे पंडितांचे झाले, शाळेत काय करायचे?' असा प्रश्न येईल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. मराठीचे व्याकरण हेच शोधक बुद्धीचे उत्तम क्रीडांगण होऊ शकते.

'घोडा'चे 'घोड्याला' होते, 'आंबा'चे 'आंब्याला', 'रस्ता'चे 'रस्त्याला'. मग 'काका'चे 'काक्याला' का होत नाही? हा प्रश्न पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहावा आणि शिक्षकांनी दहा मिनिटे गप्प बसावे. कोणी म्हणेल, नात्याचे शब्द बदलत नाहीत. मामा, दादा पाहा. लगेच दुसरी मुलगी म्हणेल, मग 'भाचा'चे 'भाच्याला' कसे होते? 'मेहुणा'चे 'मेहुण्याला' कसे? तिसरा म्हणेल, 'राजा' तर नाते नाही, तरी 'राजाला'च म्हणतात. अनुमान बांधले, ते प्रतिउदाहरणाने मोडले, पुन्हा नवे बांधले. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत जे घडावे अशी अपेक्षा असते, ते येथे खडूच्या एका तुकड्याने घडले. शेवटी शिक्षकांनी तत्सम शब्दांचा आणि आदराने हाक मारण्याच्या शब्दांचा धागा दाखवावा. तो नियम मुले विसरणार नाहीत, कारण तो त्यांनी कमावलेला असेल.

विभक्तीचा तक्ता घ्यावा. द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते. चतुर्थीचेही स, ला, ते. पिढ्यान्‌पिढ्या मुले हा तक्ता पाठ करीत आली. प्रत्यय एकच असतील तर विभक्ती दोन कशाला, असा प्रश्न एखाद्याने विचारला तर त्याला 'पुस्तकात दिले आहे ते लिही' असे सांगून बसवले जाते. वास्तविक हा प्रश्न पोरकट नाही. संस्कृतचा साचा मराठीला कितपत लागू करावा, यावर मराठीचे वैयाकरण दीर्घकाळ झगडत आले आहेत. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 चे, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 चे, आणि कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी 1987 मध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या तर नावातच 'वाद आणि प्रवाद' आहेत. ज्या शास्त्रात थोरामोठ्यांनी वाद केले, ते शास्त्र मुलांपुढे मात्र निर्विवाद तक्ता म्हणून ठेवले जाते. त्या मुलाला 'तू जे विचारलेस तेच मोठमोठ्या विद्वानांनीही विचारले आहे' एवढे जरी सांगितले, तरी त्याची छाती अभिमानाने फुलेल.

आता प्रयोगप्रकरण घ्यावे. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावे मुलांना तोंडपाठ असतात. परंतु 'चौकशी करण्यात येईल', 'निर्णय घेण्यात आला', 'निधी वळवण्यात आला' ही वाक्ये वर्तमानपत्रात वाचताना 'कोणी?' हा प्रश्न त्यांच्या मनात उमटत नाही. वाक्यातून कर्ता नाहीसा झाला की जबाबदारीही नाहीशी होते, हे व्याकरणाच्या तासाला शिकवायचे नाही तर कोठे? हरवलेला कर्ता शोधणे हे व्याकरणही आहे आणि नागरिकशास्त्रही.

स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. महापौर, दिनांक, क्रमांक या त्यांच्या शब्दांची यादी वक्तृत्व स्पर्धांतून टाळ्या घेते. परंतु यादी पाठ करणे म्हणजे सावरकर समजणे नव्हे. परका शब्द समोर आला की, याला आपल्याकडे पूर्वीचा शब्द आहे का, नसेल तर कोणत्या धातूपासून घडवता येईल, घडवलेला शब्द जिभेवर रुळेल का, असे प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत होती. आजच्या मुलांना दहा नवे परके शब्द देऊन 'घडवा प्रतिशब्द' असे सांगावे आणि वर्गाने त्यांची परीक्षा करावी. सावरकरांचा वारसा असा चालवायचा असतो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप : मुलांना आधी वाचता तर येऊ द्या, प्रश्न मग. 2024 च्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता आला नाही. परिस्थिती गंभीर आहे. परंतु ही अवस्था प्रश्न विचारल्यामुळे आलेली नाही. वर्षानुवर्षे समूहाने धडे म्हणवून घेतल्याने आलेली आहे. अर्थाची भूक लागल्याशिवाय मूल अक्षराशी झुंजत नाही. 'पुढे काय झाले असेल?' हे कुतूहलच त्याला पुढची ओळ वाचायला लावते.

दुसरा आक्षेप : पाठांतराने स्मरणशक्ती वाढते, उच्चार सुधारतो. अगदी खरे. मनाचे श्लोक, हरिपाठ, पाढे, पर्वतनद्यांची नावे अवश्य पाठ असावीत. पाठांतर ही शिदोरी आहे. परंतु शिदोरी बांधून प्रवासालाच न निघणाऱ्याला काय म्हणावे? वेदपाठाच्या परंपरेतही संहितेची पदे सुटी करणारा पदपाठ होता, आणि शब्द कोठे तोडायचा हे ठरवणे हा अर्थाचाच विचार होता.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, आणि तो घरातूनच येतो : प्रश्न विचारायला शिकवले तर मुले उद्धट होतील, संस्कार बिघडतील. या भीतीला भाषाच उत्तर देते. 'जिज्ञासा' म्हणजे जाणण्याची इच्छा. 'मीमांसा' म्हणजे विचार करण्याची इच्छा. 'शुश्रूषा' म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. 'चिकित्सा' हा शब्द वैद्य वापरतो तोच पंडितही वापरतो. रोग्याला बरे करण्याची तळमळ आणि ग्रंथ पारखण्याची तळमळ यांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द दिला. संस्कृत व्याकरणात हे चारही शब्द एकाच घडणीचे आहेत. ज्यांनी ऐकणे, जाणणे, विचार करणे आणि बरे करणे हे एका साच्यात घातले, त्यांना प्रश्न आणि विनय यांत विरोध दिसला नव्हता. गीतेने ज्ञानप्राप्तीसाठी प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीला 'परिप्रश्न' सांगितला आहे. नमस्कार करावा आणि प्रश्नही विचारावा. आपण नमस्कार तेवढा ठेवला आणि प्रश्न गाळला. मग अर्जुन उरला नाही, केवळ श्रोता उरला.

आरंभ घरापासून

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने घोकंपट्टी कमी करून चिकित्सक विचाराला चालना देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट कागदावर उत्तम आहे. कृतिपत्रिकेचे उद्दिष्टही कागदावर उत्तमच होते. परीक्षा मंडळाने स्वमताची कृती पाठ्यपुस्तकाबाहेरील अपरिचित उताऱ्यावर द्यावी. मत कोणते यापेक्षा कारण कोणते यास गुण द्यावेत. लेखकाशी सहमत नसलेल्या परंतु सयुक्तिक उत्तरालाही पूर्ण गुण मिळतील, असे परीक्षकांना लेखी बजावावे. एवढे केले तरी छापील स्वमताचा बाजार बसेल.

परंतु शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांच्या हातात पुष्कळ काही आहे. गावोगावी संस्कारवर्ग चालतात, अभ्यासिका चालतात, वक्तृत्व स्पर्धा होतात. या स्पर्धांतील भाषण बहुधा आईने किंवा शिक्षकांनी लिहिलेले असते आणि मूल ते हातवाऱ्यांसह म्हणून दाखवते. प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांतील मुलांना तीन प्रश्न विचारू द्यावेत आणि निम्मे गुण उत्तरांना ठेवावेत. पहिल्या वर्षी गोंधळ उडेल, तिसऱ्या वर्षी वक्ते घडतील. अभ्यासिकेत एकाच घटनेच्या दोन वर्तमानपत्रांतील बातम्या शेजारी शेजारी लावाव्यात आणि फरक शोधायला सांगावे.

आणि घरी? भ्रमणध्वनीवर रोज सकाळी येणारे संदेश मोठी माणसेच न वाचता पुढे पाठवतात. खाली एखादा संस्कृत श्लोक असला किंवा थोर पुरुषाचे नाव असले, की तो मजकूर प्रमाण मानला जातो. हा श्लोक कोणत्या ग्रंथातला, हे वाक्य त्या पुरुषाने कोठे लिहिले, असे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. आपल्या बाजूचे असत्य हे सत्य होत नाही. उलट ते आपल्या बाजूच्या सत्यालाही संशयास्पद करून टाकते. यास्काने विरोधकाचा आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला. त्याचा वारसा सांगणाऱ्यांनी स्वपक्षाच्या संदेशाची तेवढ्याच प्रामाणिकपणे छाननी करू नये काय?

मराठी अभिजात ठरली, हा आनंदाचा क्षण होता. परंतु भाषा जुनी आहे एवढ्याने ती जगत नाही. तिच्यात नवे प्रश्न विचारले जातात तोवर ती जगते. ज्या दिवशी तिच्यात केवळ ठरलेली उत्तरे उरतात, त्या दिवसापासून ती संग्रहालयाच्या वाटेला लागते. मुलाच्या वहीत यापुढे 'मला असे वाटते की' हे शब्द दिसतील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला जवळ बसवून एवढेच विचारावे, 'बाळा, हे तुला का वाटते?' त्याला उत्तर देता आले नाही तरी रागावू नये. त्याला विचार करू द्यावा, आणि तोवर थांबण्याचा धीर आपण धरावा.